दारापाशी ठेवलेलं पाणी

माझी बायको उर्मिला उतारा लांबूनच ओळखते. तळकोकणातली आहे, सावंतवाडीजवळची. तिच्या माहेरी तिठ्यावर लिंबू दिसलं की बैलसुद्धा वळसा घालून जातो, असं मी तिला चिडवतो. ती चिडत नाही. ‘बैलाला कळतं, तुम्हाला कळत नाही,’ एवढंच म्हणते.

मी असल्या गोष्टी मानत नाही. अर्धं आयुष्य आखातात काढलंय, दुबईच्या देऱ्यातल्या एका क्लिअरिंग एजन्सीत. रोज शारजातून दुबईला गाडी नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या माणसाला भुताखेतांची भीती उरत नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी अकराव्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडलो आणि समोरच्या फ्लॅटच्या दाराबाहेर फरशीवर एक काचेचा ग्लास दिसला, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. ग्लासात काठोकाठ पाणी होतं. ग्लासाच्या तोंडावर काळसर पावाची जाड चकती ठेवलेली, आणि पावावर चिमूटभर मीठ. मी फक्त जरा भिंतीच्या कडेने गेलो. उगाच पाय लागायला नको.

उर्मिला आमच्या दारात कमरेवर हात ठेवून उभीच होती.

“पाहिलंत?”

“काय? कुणीतरी नाश्ता विसरलंय.”

“आज काय आहे?”

“बुधवार.”

“सर्वपित्री अमावास्या आहे,” ती म्हणाली. “तिन्हीसांजेला दाराबाहेर पाणी, अन्न आणि वर मीठ. आता काळी बाहुली आणून ठेवली म्हणजे तुमची खात्री पटेल का?”

आमची मुलगी मिहिका सोफ्यावरून ओरडली, “मम्मा, इट्स जस्ट ब्रेड अँड वॉटर! यू गाइज आर सो ड्रामॅटिक.” ही इथेच जन्मली, शारजात. तिला उतारा म्हणजे बँकेचं स्टेटमेंट वाटतं.

उर्मिलेचा तो दिवस आधीच वाईट गेला होता. सकाळी सुट्टी घेऊन तिने सगळा स्वयंपाक केला होता. मल्याळी दुकानातून केळीचं पान आणलं, बाल्कनीतली कबुतरांची जाळी सोडवली आणि कठड्यावर पान वाढून ठेवलं. माझे आईवडील आहेतच त्यात, पण खरं म्हणजे ती ते तिच्या बाबांसाठी करते. बाबा कोविडमध्ये गेले. विमानं बंद होती. भावाने सगळं व्हिडिओ कॉलवर दाखवलं, आणि पिंडाला कावळा काही शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. तेव्हापासून दर सर्वपित्रीला ती शारजातल्या अल नहदात, अकराव्या मजल्यावर कावळ्याची वाट बघत बसते. समुद्राकडे कावळे पुष्कळ आहेत, आमच्या बाल्कनीत एकही फिरकत नाही. कबुतरं मात्र आमंत्रण नसताना येतात. त्या दिवशीही दुपारभर कबुतरं हाकलून तिचा घसा बसला होता. चार वाजता तिने वाळलेलं पान उचललं. आणि सहा वाजता समोर हा ग्लास.

समोरच्या फ्लॅटमध्ये दोन महिन्यांपूर्वी किर्गिझस्तानची एक मुलगी राहायला आली होती, आयनुरा, तिशीतली, कुठल्याशा डेंटल क्लिनिकमध्ये नर्स. सोबत तिचे आजोबा. त्यांना आम्ही एकदाच लिफ्टमध्ये व्हीलचेअरवर पाहिलं होतं. इतका म्हातारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. आमची ओळख ‘हाय-हॅलो’पुरतीच. आमच्या बिल्डिंगमध्ये शेजाऱ्याच्या फोडणीचा वास ओळखीचा असतो, नाव नसतं.

उर्मिलेने पदर खोचला, कुलदेवतेचं नाव पुटपुटत तो ग्लास दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या हातात दिला.

“वाहत्या पाण्यात सोडून या. गटारात नको, कचऱ्यात नको. ग्लास घरात परत आणायचा नाही. आणि येताना मागे वळून पाहायचं नाही.”

“अगं, समुद्रात काही टाकताना पकडलं तर पाचशे दिरहॅम दंड लावतील! म्हणजे साडेअकरा हजार रुपये झाले!”

“मग लवकर टाका.”

नवऱ्याच्या जातीला अशा वेळी वादापेक्षा काम सोपं पडतं. मी ग्लास सांभाळत गाडी काढली, अल ममझारच्या खाडीपाशी गेलो, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून पाणी ओतलं आणि पाव सोडला. ओहोटी होती. ग्लास तिथल्याच कचराकुंडीत टाकला आणि घरी आलो.

“मागे पाहिलंत?” तिने दारातच विचारलं.

“नाही.”

तिने माझ्यावरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली. मी आंघोळ करून जेवलो. आमच्या लेखी विषय खलास.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात आयनुरा, हातात मोठं ताट, ताटात तळलेले सोनेरी तुकडे. आपल्या शंकरपाळ्यांसारखेच, पण टपोरे फुगलेले. डोळे रडून लाल झालेले आणि चेहरा हसरा.

“आंटी, हे बोरसोक. घरातल्या गेलेल्यांसाठी आम्ही तळतो. तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणतात. मग शेजाऱ्यांना वाटायचे,” ती इंग्रजीत म्हणाली. “पण आजोबांना ते पुरेसं नाही. तुम्ही घरी येऊन खायला हवं असं म्हणतात. आमच्या घरी आज सण आहे.”

“कसला सण?” मी विचारलं.

तिने मागे आपल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “ते सैनिक होते. सोव्हिएत पायदळात, दुसऱ्या महायुद्धात. एका नदीत त्यांचे तीन मित्र गेले. दरवर्षी त्या तारखेला ते दाराबाहेर पाणी आणि पाव ठेवतात. मित्रांसाठी. ऐंशी वर्षं झाली, एक वर्ष चुकलं नाही. सकाळी ग्लास तसाच असतो. मग ते पाणी स्वतः पितात, पाव खातात आणि म्हणतात, या वर्षीही आले नाहीत.” ती थांबली. “काल ठेवलेला ग्लास आज सकाळी नव्हता.”

उर्मिलेने दाराची चौकट धरली.

“सफाईवाल्याने उचलला असेल, मला माहीत आहे,” आयनुरा म्हणाली. “पण आजोबा सकाळपासून लहान मुलासारखे रडतायत, हसतायत. आले, आले, शेवटी पत्ता सापडला त्यांना, एवढंच म्हणतात. कित्येक आठवड्यांनी आज पोटभर जेवले. नव्व्याण्णव वर्षांचे आहेत, आंटी. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. कुणी काही पाहिलं असलं, तर प्लीज त्यांना सांगू नका. त्यांना हे घेऊन जाऊ दे.”

ती गेली. उर्मिला ताट हातात धरून तशीच उभी राहिली.

“मी मेलेल्यांच्या तोंडचं पाणी काढून घेतलं,” ती म्हणाली.

“तू काढून घेतलं म्हणूनच तर ते खूश आहेत,” मी म्हटलं. माझ्या मते हा मुद्दा बिनतोड होता.

“आणि आता त्यांच्या घरी बसून खोटेपणाने बोरसोक गिळू? एवढा मोठा माणूस समोर बसलेला असताना?”

“खरं सांगितलंस तर तो माणूस मोडेल. ऐकलंस ना ती काय म्हणाली?”

“ऐकलं.” ती खुर्चीत बसली. “अहो, मला कावळा न शिवणं काय असतं ते माहीत आहे. त्यांचा घास कुणीतरी घेतला, या आनंदात ते आहेत. आणि तो कुणी घेतला? मी. भुताचा समजून.” ती रडायला लागली. मिहिका मोबाईल ठेवून तिच्या शेजारी येऊन बसली.

सात वाजता आम्ही तिघं समोर गेलो. काय करणार आहे, हे उर्मिलेने मला सांगितलं नव्हतं. मला वाटतं, तिलाही माहीत नव्हतं.

आजोबांचं नाव कासिमबेक. खिडकीपाशी व्हीलचेअरवर बसले होते, पांढऱ्या धुवट शर्टात. डोळे सुरकुत्यांत जवळजवळ मिटलेले, पण आमच्याकडे पाहिलं तेव्हा लक्षात आलं, या डोळ्यांतून काही सुटत नाही. शेजारच्या खुर्चीच्या पाठीला जुना गडद कोट अडकवलेला होता आणि त्यावर पदकं. किती होती ते मी मोजलं नाही, पण त्यांच्या वजनाने कोटाची एक बाजू खाली ओढली गेली होती. त्यांनी उर्मिलेला जवळ बसायची खूण केली. माझ्यापुढे ताट सरकवलं. मी निर्लज्जासारखा एक बोरसोक उचलला. उर्मिलेने हात मांडीवरून हलवला नाही.

मग ते बोलायला लागले. आवाज बारीक, पण थांबत नव्हता. ते वाक्य बोलायचे, आयनुरा ते इंग्रजीत सांगायची.

“मी डोंगरातला. मेंढ्या आणि घोडे, एवढंच मला ठाऊक. आमच्या नद्या घोड्यावरून ओलांडता येतात. अठराव्या वर्षी फौजेत नेलं, आणि शरद ऋतूत आम्ही नीपर नदीपाशी पोचलो. पलीकडचा काठ दिसायचा, पण तिथलं माणूस दिसायचं नाही, इतकी रुंद. मला पोहता येत नव्हतं.”

पुलांचं सामान मागे राहिलं होतं. होड्या नव्हत्या. हुकूम आला, हाताला लागेल ते घेऊन नदी ओलांडा. कुणी पिंपं घेतली, कुणी कुंपणाच्या फळ्या, कुणी तंबूच्या कापडात गवत भरलं. कासिमबेकच्या बाजूला तीन जण होते. मिकोला त्याच भागातला, युक्रेनचा, नदीतच वाढलेला. वानो जॉर्जियाचा, गाणारा. आणि येगोर, जो दिवसभरात चार शब्द बोलायचा. चौघांत मिळून एक मशीनगन.

“गाव जळून गेलं होतं. एका घराची एक भिंत उभी होती आणि त्या भिंतीत दार. दारापाशी एक म्हातारी बसली होती. आम्ही दाराकडे बघत उभे राहिलो, मागायची लाज वाटत होती. तिला कळलं. ती उठली, स्वतः बिजागऱ्यांच्या खिळ्या उपसल्या आणि म्हणाली, घेऊन जा, आता आत ठेवायला काय उरलंय, की दार लावू?”

कासिमबेकने तिला शब्द दिला, दार परत आणून देईन.

दिवसभर ते काठावरच्या लव्हाळ्यात पडून राहिले. दोन दिवस चालून घसा कोरडा पडला होता. पाणी हाकेच्या अंतरावर होतं, पण जरा हललं की पलीकडून गोळी. डोळ्यांसमोर एवढी मोठी नदी आणि प्यायला थेंब नाही. प्रत्येकाच्या खिशात काळ्या पावाचा एक तुकडा होता, मीठ लावलेला. मिकोला म्हणाला, आता खाल्ला तर तहान वाढेल. पलीकडे गेलो की खाऊ, आणि पोटभर पाणी पिऊ.

अंधार पडल्यावर त्यांनी दारावर मशीनगन ठेवली आणि चौघं चार कोपऱ्यांना लटकून पाण्यात उतरले. मिकोलाने कासिमबेकला पोहण्याचा धडा दिला तो एवढाच: दार धर, पाय मार, तोंड मीट.

“अर्ध्यात पोचलो आणि आकाश उजळलं. शत्रूने प्रकाशाचे गोळे सोडले होते. पाणी उकळावं तसं उडायला लागलं. मी तोंड मिटून दार धरलं होतं. डोळेही मिटले होते. आवाजात कुणाचं ओरडणं कळत नव्हतं. पण दार मला सांगत होतं.” त्यांनी दोन्ही हात पुढे धरून दार कसं वळलं ते दाखवलं. “एका कोपऱ्यावरचा माणूस सुटला की दार त्या बाजूने वर येतं आणि फिरतं. ते एकदा फिरलं. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. त्यानंतर पाय मारणारा मी एकटाच होतो.”

मी खाडीवर स्पीडबोटीत बसतानासुद्धा लाइफ जॅकेट दोनदा तपासतो. आणि ज्याला पोहता येत नव्हतं असा अठरा वर्षांचा पोरगा चार माणसांचं दार एकटा ढकलत त्या नदीतून पलीकडे गेला होता.

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. काठावर खड्डा खणला, दार त्यावर आडवं टाकून माती ओढली आणि खालून मशीनगन चालवली. मागची माणसं पोचेपर्यंत काठाचा तो तुकडा त्यांनी सोडला नाही. दोन दिवस. दार गोळ्यांनी चाळण झालं. त्यांना बाहेर काढलं तेव्हा लाकडाचा फक्त भुसा उरला होता आणि एक बिजागरी. सैन्य पुढे निघालं. म्हातारीला दार परत द्यायचं राहिलं.

“त्यानंतर अजून चार नद्या आल्या,” आयनुरा स्वतःहून म्हणाली. “पोलंडमध्ये, मग जर्मनीत. प्रत्येक नदीत पहिले हेच उतरले. कुणी सांगितलं म्हणून नाही. दुसऱ्या कुणाच्या मागे दाराला लटकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. एका ठिकाणी जखमी अधिकाऱ्याला पाठीवर घेऊन...”

आजोबांनी हात हलवून तिला गप्प केलं. कोटाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाले.

“म्हणतात, ते त्या कोटाला विचारा. मला दुसरं सांगायचंय.”

दुसरं म्हणजे हे: ते गावी परतले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात डोंगरातल्या गार सरोवरावर जाऊन पोहायला शिकले. मग गावातल्या पोरांना शिकवलं. मग त्या पोरांच्या पोरांना. आयनुरालाही त्यांनीच शिकवलं. पहिला धडा पाय मारायचा नसायचा. पहिला धडा असायचा, डोळे उघडे ठेव आणि शेजारी कोण आहे ते बघत राहा. त्या सरोवरात त्यांच्या हातचं एकही मूल बुडालं नाही.

मी उठून त्यांच्या पाया पडावं असं मला फार वाटलं. का उठलो नाही कोण जाणे.

आजोबांनी शर्टाच्या खिशातून एक गंजलेला, काळा पडलेला लोखंडाचा तुकडा काढला आणि उर्मिलेच्या तळहातावर ठेवला. बिजागरी. उर्मिलेने ती ओंजळीत घेतली आणि कपाळाला लावली. आपण तीर्थाला गेल्यावर तिथली माती लावतो तशी, विचार न करता.

“तिघांना मी जमिनीत पुरू शकलो नाही,” ते म्हणाले. “नदीतच राहिले. म्हणून पाणी. आणि दारावरून गेले, म्हणून दाराशी. आणि दाराच्या बाहेर का, तर मी आता म्हातारा झालो, बेल वाजली तरी मला दारापर्यंत यायला वेळ लागतो. ऐंशी वर्षांचे तहानलेले ते. अजून थांबायला नकोत. इथे आलो तेव्हा भीती वाटली, या वाळवंटात त्यांना पत्ता कसा सापडणार? पण सापडला.” ते उर्मिलेकडे झुकले. सगळा चेहरा उजळला होता. “तुम्ही समोर राहता. तुम्ही पाहिलं असेल. कोण आलं होतं?”

आयनुराने ते भाषांतर करताना उर्मिलेकडे अशा नजरेने पाहिलं की मीच हात जोडले असते. काहीही सांगा, त्या नजरेत होतं, उंच माणूस होता म्हणा, काहीच दिसलं नाही म्हणा.

उर्मिला बिजागरीकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली.

“मिहिका, नीट सांग त्यांना. ‘मी घेतला.’”

“मम्मा...”

“सांग. या माणसासमोर मला खोटं बोलता येणार नाही. मला वाटलं, कुणी करणी केलीय. माझ्या घराला काही होईल म्हणून मी घाबरले आणि उचलला. मला माहीत नव्हतं. मला माफ करा म्हणावं.”

मिहिकाने इंग्रजीत सांगितलं. आयनुराने डोळे मिटले. पण मग तिने आपल्या भाषेत, हळूहळू, ते सगळं आजोबांना सांगितलं. तिलाही बहुधा ते टाळता आलं नाही.

त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. मी डोळ्यांनी पाहिलं. एका क्षणात ते पुन्हा तेच लिफ्टमधले म्हातारे झाले. हात मांडीवर पडले. उर्मिलेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने मान खाली घातली नाही.

मग त्यांनी काहीतरी विचारलं. अगदी हळू.

“पावाचं काय केलंत, असं विचारतात,” आयनुरा म्हणाली. “पाव फेकायचा नसतो आमच्यात.”

आता सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

“फेकला नाही,” मी म्हटलं. “म्हणजे, आमच्यात अशी वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत. वाहत्या पाण्यात सोडतात. मी ममझारच्या खाडीत सोडला. पाणी पण तिथेच ओतलं.”

भाषांतर होताच त्यांनी मान झटकन वर केली. “पाण्यात?”

“पाण्यात.”

“वाहत्या?”

“ओहोटी होती. समुद्राकडे चाललं होतं पाणी.”

ते खुर्चीच्या कडेला सरकले. त्यांची बोटं खुर्चीच्या हातांवर घट्ट झाली. “बुडाला की तरंगला?”

मी उर्मिलेकडे पाहिलं. संसारात काही कबुल्या युद्धापेक्षा अवघड असतात.

“अगं,” मी म्हटलं, “मी मागे वळून पाहिलं होतं.”

“काय?”

“कुणी पाहिलं तर नाही ना, दंड होईल, म्हणून. तुला खोटंच सांगितलं. पाव तरंगत होता, आजोबा. पुढे पुढे जात होता. आणि मग...” मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नव्हतं, खरं सांगतो. बरं झालं, पुरावा गेला, एवढंच वाटलं होतं. “मग एक कावळा आला. खाली झेपावला आणि पाव उचलून घेऊन गेला.”

उर्मिलेच्या तोंडातून असा काही आवाज निघाला की आयनुरा दचकून उठली.

“कावळा? सर्वपित्रीला? तिन्हीसांजेला?” तिने माझा दंड धरला. “अहो, आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?”

“तू मागे बघू नका म्हणाली होतीस!”

पण ती माझं ऐकत नव्हती. ती आजोबांपुढे जमिनीवरच बसली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि मराठीतच सांगत सुटली. मिहिका जमेल तसं इंग्रजीत आणत होती, आयनुरा पुढे नेत होती. आमच्यात गेलेल्या माणसासाठी घास ठेवतात. तो कावळ्याने घेतला की समजायचं, पोचला. नाही घेतला तर माणूस अडकलेला आहे, त्याचं काहीतरी राहिलंय. मी चार वर्षं माझ्या बाबांचा घास ठेवते, कावळा येत नाही. तुमचा घेतला. काल घेतला. पोचला, आजोबा, पोचला त्यांना.

आजोबा ऐकत होते. शेवटचं वाक्य आयनुराने सांगितलं तेव्हा त्यांनी एक प्रश्न विचारला.

“कावळा एकच होता?”

“एकच,” मी म्हटलं.

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते.

“मग तो मिकोला,” ते म्हणाले. “जेवणाच्या वेळी तो कुणासाठी थांबायचा नाही.”

ते हसता हसता रडायला लागले, आम्ही सगळेच रडायला लागलो. उर्मिलेने तेव्हा कुठे ताटातला एक बोरसोक उचलला.

वानो आणि येगोरचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून लवकर निघालो आणि आजोबांना, आयनुराला, उर्मिलेला आणि मिहिकाला गाडीतून ममझारला नेलं. काळ्या पावाचे दोन तुकडे, मीठ लावलेले. उर्मिलेने घरून तांब्याभर पाणी आणलं होतं आणि एक छोटा डबा. डब्यात दहीभात होता. पितृपक्ष संपला होता, पण डबा मीच गाडीत नीट ठेवला.

काठापाशी आजोबांनी चेअर थांबवायला सांगितली. चपला काढल्या. एका बाजूने मी, एका बाजूने आयनुरा, असे धरून आम्ही त्यांना उतरवलं. घोट्यापर्यंत पाण्यात गेले. वजन काहीच नव्हतं त्यांना, पण माझ्या दंडावरची पकड अशी होती की दुसऱ्या दिवशीही जाणवत होती. त्यांनी स्वतः वाकून पाव सोडले. नावं घेतली. उर्मिलेने पाणी ओतलं आणि काठाच्या एका दगडावर आपला घास ठेवला.

“आता मागे वळून पाहायचं नाही, त्यांना सांग,” ती मिहिकाला म्हणाली.

भाषांतर ऐकून आजोबा पाण्यातच थांबले आणि तिच्याकडे बघून हसले.

“ऐंशी वर्षं मी दुसरं काय केलंय?” ते म्हणाले.

मग वळले, चेअरमध्ये बसले आणि गाडीपर्यंत सरळ समोर बघत गेले. उर्मिलाही सरळ समोर बघत चालली होती, ओठ घट्ट मिटून.

मी मात्र वळून पाहिलं. आमच्या घरात ते काम माझंच. पाव बरेच आत गेले होते. काठाच्या दगडावर भात होता, आणि त्या दगडावर एक कावळा उतरला होता.

गाडीत बसल्यावर पुढच्या सीटवरून आजोबांनी, मान न वळवता, मला काहीतरी विचारलं. आयनुरा सांगायच्या आत मी उत्तर देऊन टाकलं. त्यांना दिलं, आणि आरशातून माझ्याकडे बघणाऱ्या उर्मिलेलाही.

“पोचलं,” मी म्हटलं.

आजोबांनी मान हलवली.